सहाशे तासांचा हिशेब
मांजरसुंब्याच्या ग्रामपंचायतीला आणि ग्रामसभेला खुले पत्र

मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि मांजरसुंब्याचे समस्त ग्रामस्थ यांस,



गावातून रोज सकाळी कॉलेजसाठी बीडला जाणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या मुलामुलींविषयी हे पत्र आहे. सत्राचा निकाल लागला, दोन विषय राहिले, की घरोघर एकच बोलणं सुरू होतं: वेळेचं भान नाही, दिवसभर हातात मोबाइल, सहा महिन्यांचं काम शेवटच्या आठ दिवसांत. बोलणाऱ्यांचा जीव तुटतो म्हणूनच ते बोलतात. पण या मुलांच्या वेळेचा हिशेब कागदावर मांडला, तर त्यातला बराच भाग त्यांच्या हातात नसतो असं दिसतं. तो रस्त्याच्या, घराच्या आणि गावाच्या हातात असतो. त्यामुळे हे पत्र मुलांना न लिहिता ग्रामपंचायतीला लिहिलं आहे.

आधी आकडे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचे वर्ग नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे भरू लागले. त्यात अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. एका सत्राला साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाच्या १,२०० तासांच्या अभ्यासाला ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास आणि एका सत्राला किमान ६०० तास. वर्गातले तास, प्रात्यक्षिकं, स्वाध्याय, घरचं वाचन, परीक्षेची तयारी, सगळं यात आलं. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास होतात. पूर्णवेळ नोकरीला लागतात तेवढे.

आता यात रस्ता मिळवा. मांजरसुंबा ते बीड हे अंतर पंचवीसेक किलोमीटर. बसमधला वेळ, चौकात बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ, बीडच्या स्थानकावरून कॉलेजपर्यंतचं चालणं, सगळं मिळून येण्याजाण्याचे दोन तास धरले तर कुणी जास्त म्हणणार नाही. आठवड्याचे सहा दिवस, बारा तास. पंधरा आठवड्यांचे १८० तास. वरच्या हिशेबानं ते सहा क्रेडिटचं काम झालं. बीडमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला हे १८० तास अभ्यासाला मिळतात, मांजरसुंब्याच्या मुलाला मिळत नाहीत, आणि परीक्षेला दोघांसमोर एकच प्रश्नपत्रिका येते.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या कुठल्याही मुलीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पाचला उठणं, पाणी भरणं, भाकरी, स्वतःचा डबा, धाकट्यांचे डबे. साडेसातच्या सुमारास चौकात. सोलापूर-धुळे महामार्ग आणि अंबाजोगाईकडून पाटोद्याकडे जाणारा रस्ता इथं एकमेकांना छेदतात, त्यामुळे गाड्या भरपूर दिसतात. पण दिसणारी प्रत्येक गाडी पास चालणारी नसते, आणि लांब पल्ल्याची बस आली तर ती आधीच भरलेली असते. दुपारी प्रात्यक्षिक असलं की चार वाजतात. कॉलेजचं ग्रंथालय उघडं असतं, पण तिथं बसायचं तर पुढच्या बसचा नेम नाही आणि अंधार पडायच्या आत घरी पोचायचं असतं. सहाला घर. चूल, भांडी, धाकट्याचा गृहपाठ. पुस्तक उघडतं नऊ वाजता, त्याच खोलीत, जिथं टीव्ही चालू आहे आणि कोपऱ्यात कुणी मोबाइलवर मोठ्या आवाजात व्हिडिओ बघतंय. साडेदहाला डोळे मिटायला लागतात.

मुलगा असेल तर तपशील बदलतात, बेरीज बदलत नाही. धारा काढणं, डेअरीला दूध घालणं, रानात पाणी धरणं, किंवा रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात संध्याकाळची पाळी.

बीड जिल्ह्याचं म्हणून याहून वेगळं एक कोष्टक आहे, आणि ते विद्यापीठाच्या कुठल्याही वेळापत्रकात छापलेलं नसतं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो, आईवडील पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जातात ते हंगाम संपल्यावरच परततात. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण याच सुमारास येते. दुसरं सत्र तर जवळजवळ सगळंच आईवडिलांवाचून जातं. ज्या घरात पदवीला शिकणारं मूल मागं राहतं, त्या घरात आजी-आजोबांचं औषधपाणी, धाकट्यांची शाळा, दारातली दोन जनावरं आणि घरात येणारा प्रत्येक सरकारी कागद त्याच्या अंगावर पडतो. एकोणीस वर्षांचं पोर पाच महिने घराचा कारभार सांभाळतं आणि त्याच पाच महिन्यांत सत्राची ६०० तासांची अपेक्षाही त्याच्याकडून असते. अशा मुलाला बेशिस्त म्हणण्याआधी गावानं थांबून विचार करायला हवा.

यातूनही पुढं जाणारी मुलं आहेत. ती काय करतात हे पाहण्यासारखं आहे, कारण त्यांच्या युक्त्या साध्या असतात आणि त्यामागं शास्त्र आहे.

बसचंच घ्या. मांजरसुंब्याहून बीडकडे निघालं की घाट लागतो. वळणावर पुस्तकातली ओळ हलते, मान खाली घातली की मळमळतं, बहुतेक वेळा बसायला जागाही नसते. बसमध्ये वाचा, हा सल्ला त्यामुळे इथं निरुपयोगी आहे. त्याऐवजी वही पिशवीत ठेवायची आणि काल झालेला धडा आठवून शेजारणीला सांगायचा. ती विचारते, ही सांगते. ही अडते, ती सुचवते. जिथं दोघीही अडल्या ते शब्द बसमधून उतरल्यावर तिकिटाएवढ्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. घरी गेल्यावर फक्त तेवढंच उघडून बघायचं.

अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटानं तो एकाच फेरीत वाचला आणि नंतर तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढं होता. आठवड्यानं घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पाच वेळा वाचून काढणाऱ्या मुलाला आपलं सगळं तयार आहे असं का वाटतं आणि पेपरात का आठवत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. घाटातल्या बसमध्ये तोंडी सांगत जाणाऱ्या मुली रोजच्या वाया जाणाऱ्या वेळातला अर्धा तास तरी परत मिळवतात, तोही चांगल्या प्रतीचा.

दुसरी गोष्ट अंदाजाची. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. ही हुशार, चांगल्या विद्यापीठातली मुलं होती. तेव्हा रविवारी रात्री आठवड्याचा बेत करताना ‘दोन दिवसांत होईल’ वाटणाऱ्या प्रकल्पाला तीन-चार दिवस धरले तर बेत मोडत नाही. मांजरसुंब्याच्या मुलांनी त्यात आणखी एक दिवस धरावा: वीज गेली, बस आली नाही, घरी पाहुणे आले यासाठी. आणि कार्तिक पौर्णिमेचा आठवडा तर बेतातून वगळूनच टाकावा. जवळच्या कपिलधारला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात, तेव्हा हा सगळा परिसर भाविकांनी भरलेला असतो, गाड्यांना जागा नसते आणि गावातलं कुणी ना कुणी सेवेत असतं. दर वर्षी ठाऊक असलेली गोष्ट दर वर्षी अडचण म्हणून उभी राहू नये, एवढं तर शंभर पानी वहीच्या शेवटच्या पानावरही जमतं.

तेव्हा मुलांची जबाबदारी आहेच. ती कुणी काढून घेऊ नये. पण युक्तीनं वाचवलेल्या अर्ध्या तासावर ६०० तास उभे राहत नाहीत.

बीडची महाविद्यालयं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचं नाव आहे. त्यांच्या अभ्यासाच्या गोष्टी प्रत्येक सत्कारात सांगितल्या जातात, बहुधा इच्छाशक्तीचं उदाहरण म्हणून. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रातली एक हकिकत मात्र आईवडिलांना आणि गावकऱ्यांना उद्देशून सांगायला हवी. परळच्या चाळीत आंबेडकर कुटुंबाची एक खोली. माणसं, सामानसुमान, स्वयंपाक सगळं तिथंच. दिवसा अभ्यासाला शांतता मिळणं शक्य नव्हतं. म्हणून भीमराव लवकर झोपायचे आणि वडील रामजी रात्री दोनपर्यंत जागायचे. दोन वाजता मुलाला उठवायचं, त्याला दिव्यापाशी बसवायचं आणि मग त्याच जागेवर आपण आडवं व्हायचं. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला. पुढं १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात जाताना सयाजीराव गायकवाडांनी दिलेली महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती, तिथं गेल्यावर विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. बाबासाहेबांइतकी अभ्यासाची शिस्त क्वचितच कुणाला असेल. त्यांनाही शांत वेळ कुणीतरी आपली झोप मोडून दिला होता.

रामजींनी एका घरात केलं ते एका गावानं करून दाखवलं आहे, आणि तेही आपल्याच राज्यात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव. करोनाच्या काळात शाळा मोबाइलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मोबाइल हातातून सुटला नाही, ही तक्रार तिथंही होती. गावानं १५ ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला पुन्हा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघावं. दीड तास मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. ग्रामपंचायतीचा निर्णय, महिलांचा आग्रह आणि घरोघर जाऊन केलेली समजावणी यावर हे उभं राहिलं. ना इमारत बांधावी लागली, ना निधी मागावा लागला.

आता हा दीड तास मांजरसुंब्याच्या हिशेबात बसवून बघा. रोज दीड तास, पंधरा आठवडे, सुट्टीचे दिवसही धरून: १५७ तास. रस्त्यानं घेतलेल्या १८० तासांपैकी १५७ तास गावाला परत देता येतात. महामार्ग कुणाला आखूड करता येणार नाही. हे मात्र ग्रामसभेच्या एका ठरावानं होण्यासारखं आहे.

वडगावची वेळ जशीच्या तशी उचलू नये. मांजरसुंबा रस्त्यावरचं गाव आहे. संध्याकाळी सात ते दहा ही चौकातल्या हॉटेलांची, टपऱ्यांची, गॅरेजची कमाईची वेळ. तिथं भोंग्यानं काही थांबणार नाही आणि थांबवूही नये. शिवाय कॉलेजची मुलं सहाला पोचतात, सातनंतरही त्यांचे हात कामात असतात. आठ ते साडेनऊ ही वेळ बरी वाटते. चौक सोडून वस्तीपुरता, घरांपुरता नियम करावा. लग्नसराईत वाद्यांचं काय, सप्ताहात लाउडस्पीकरचं काय, हे प्रश्न येतील. ते सभेत मोकळेपणानं बोलून मिटवावेत.

आणि मुलींसाठी एक गोष्ट वेगळी लिहून ठेवावी. त्या दीड तासात मुलीला हाक मारायची नाही. टीव्ही बंद झाला आणि तिला भांडी घासायला उठवलं, तर ठरावाचा उपयोग फक्त तिच्या भावाला होईल. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहेच. हा मुद्दा आधी तिथं मांडावा. वडगावातही बायकांच्या आग्रहामुळेच गोष्ट पुढं सरकली.

काही जण म्हणतील, पदवीची मुलं गावात किती, त्यांच्यासाठी सगळ्यांनी का थांबायचं? दहावी-बारावीची मुलं, नीटची तयारी करणारी, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणारी आणि रात्री सामान्य ज्ञान घोकणारी पोरं यांत मिळवा. एकही अभ्यासणारं माणूस नाही असं घर शोधावं लागेल.

घरात जागाच नाही, अशांसाठी एक खोली लागेल. शाळेचा वर्ग संध्याकाळी मोकळा असतो, मंदिराचा सभामंडप असतो, समाजमंदिर असतं. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं तेव्हा स्वतंत्र इमारत उभी राहिली नव्हती. राज्य सरकारनं सुमारे १५,००० पुस्तकं दिली आणि गावकऱ्यांनी आपली घरं, मंदिरं, शाळा मिळून २५ ठिकाणी जागा दिली. बाहेरून आलेला कुणीही माणूस अनोळखी घराच्या ओसरीत बसून वाचू शकतो. मांजरसुंब्याला २५ जागा नकोत. एक पुरे: चार टेबलं, चांगला उजेड, वीज गेल्यावर दोन तास चालणारा इन्व्हर्टर, स्वच्छ स्वच्छतागृह आणि किल्ली कुणाकडे हे ठरलेलं. सार्वजनिक ग्रंथालय म्हणून मान्यता आणि अनुदान मिळवण्याचा रस्ता १९६७ च्या ग्रंथालय कायद्यातून जातो आणि तो लांबचा आहे. त्यासाठी खोली अडू देऊ नये. मुलीही तिथं निर्धास्त बसू शकतील अशी व्यवस्था मात्र पहिल्या दिवसापासून हवी. नाहीतर महिनाभरात ती फक्त मुलांची खोली होईल.

राहिला कागदांचा व्याप. मुलांचा किती वेळ दाखल्यांत जातो हे घरच्यांनाही नीट माहीत नसतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, ज्याची मुदत ३१ मार्चला संपते. जात पडताळणी, नॉन क्रिमीलेयर, आधारला जोडलेलं बँक खातं, परीक्षेचा अर्ज, एसटीचा पास. बारावीपर्यंत मुलींचा पास मोफत होता. कॉलेजात गेल्यावर तिलाही मुलांसारखे एक तृतीयांश पैसे भरून महिन्याच्या महिन्याला तो काढावा लागतो. यातलं एक जरी चुकलं तर तहसीलची खेप, म्हणजे बुडालेले तास, म्हणजे ७५ टक्के हजेरीला कात्री. ग्रामपंचायतीच्या फलकावर महिन्याच्या पहिल्या तारखेला या मुदती खडूनं लिहिल्या तरी कितीतरी खेपा वाचतील. जूनमध्ये एक दिवस आपले सरकार केंद्रचालकाला आणि तलाठ्यांना गावातच बसवलं तर आणखी वाचतील. उसाला जाणाऱ्या कुटुंबांच्या सह्या आणि कागद तर टोळी निघायच्या आतच घेऊन ठेवायला हवेत.

बसचंही तसंच. एकट्या विद्यार्थ्याच्या अर्जापेक्षा ग्रामपंचायतीच्या ठरावाला आगारात वजन असतं. कॉलेजच्या तासांचं वेळापत्रक जोडून, सकाळी कोणत्या वेळी आणि प्रात्यक्षिकं सुटल्यावर कोणत्या वेळी किती मुलं चढतात याची आठवडाभराची मोजदाद जोडून तो ठराव बीड आगाराला द्यावा. मोजदाद मुलंच करतील. त्यांच्या प्रकल्पालाही ती चालेल.

तेव्हा ग्रामपंचायतीला विनंती अशी: येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची वेळ आणि खोली’ हा विषय घ्यावा. वर्षातून चार सभा होतात. त्यातली लगेचची निवडावी, परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. वेळ ठरवण्याआधी बीडला रोज जाणारी एक मुलगी, संध्याकाळी कामावर जाणारा एक मुलगा आणि आईवडील उसाला गेलेलं एक मूल, अशा तिघांना सभेत उभं राहून आपला दिवस सांगू द्यावा. ठराव आधी एका सत्रापुरता, पंधरा आठवड्यांसाठी करावा. सत्राचा निकाल लागला की तो पुन्हा सभेपुढं ठेवावा, आणि ज्यांना त्रास झाला असेल त्यांचंही ऐकून घ्यावं.